सुध्यास पत्र

कराड
२५ जानेवारी, रात्री साडेअकरा

प्रिय सुध्या,

पाकिटावरचं अक्षर बघून फाडून टाकू नकोस. आधी वाच, मग फाड.

फोन करणार होतो. दोनदा तुझं नाव काढून परत ठेवला. आपण फोनवर बोललो की तिसऱ्या वाक्याला मी वकील होतो आणि तू न्यायाधीश. त्यापेक्षा कागद बरा, तुला मध्ये तोंड घालता येत नाही. माझी शुगर आहे तशीच, आईचे गुडघे आहेत तसेच. तब्येतीचं संपलं.

आता ऐक. आईच्या फोनमध्ये तू दिवाळीत काय करून ठेवलं होतंस?

थांब, चिडून लिहीत नाहीये. चिडलो होतो काल दुपारी तीन ते साडेसहा. आता उतरलंय. पहिल्यापासून सांगतो, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणारं नाही. मेधाला सांगितलं, ती म्हणाली, "मग झाला ना चालू?" झाला. पण तेवढंच नाहीये ते.

भोगीच्या दिवशी आईकडे वायफाय बसवून घेतलं. मी भोसरीतूनच सगळं ठरवलं, पैसे भरले, पोरगा येऊन वायर ओढून गेला. तिचा जुना पॅकही त्याच दिवशी संपत होता. मी हुशार! म्हटलं, घरात वायफाय असताना सिमला नेट कशाला? २०२४ च्या डिसेंबरात ट्रायने कंपन्यांना सांगितलं ना, की नुसते बोलण्याचे आणि एसएमएसचेही पॅक ठेवा, त्यातला एक मारून दिला. किती वाचले ते लिहीत नाही, तू हसशील.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. व्हिडिओ कॉल नाही. साध्या फोनवर तिळगूळ घ्या, गोड बोला. चिमी म्हणाली, आजी दाखव. आई म्हणाली, "आज डोळे चुरचुरतायत गं." त्याच्या पुढच्या दिवशी विठ्ठल मंदिरात भजन. मग कुणाचं तरी हळदीकुंकू. मग परत डोळे. रोज नवं कारण, आणि आवाज एकदम खणखणीत. मला वाटलं, मेधाशी काही बिनसलं. मेधाला वाटलं, मी काही बोललो. दोन दिवस आम्ही आपापसात त्यावरून भांडलो, ती वेगळीच कथा. नंतर रात्री झोप लागेना. मोतीबिंदू वाढला असेल, पडली असेल, तोंडाला लागलं असेल म्हणून चेहरा दाखवत नसेल. दादांच्या वेळी शेवटी शेवटी कसं लपवलं होतं तिनं, तुला माहीतच आहे.

शनिवारी पहाटे गाडी काढली. खंबाटकीच्या घाटात ट्रक बंद पडलेला, तासभर तिथंच. जोडून सुट्टी, सगळं पुणं महाबळेश्वरला निघालेलं. दारात पोचलो तर आई कट्ट्यावर बसून गवार मोडतेय. ठणठणीत. "अरे, न सांगता?" म्हणाली आणि पहिली गोष्ट काय केली असेल? मांडीवरचा फोन उचलून सुपाखाली सरकवला.

तेच मला लागलं रे. सुपाखाली.

जेवल्यावर मागितला. त्याच्या मागच्या कव्हरात विठोबाचा फोटो, एसटीची दोन अर्धी तिकिटं आणि दहाची एक घडी घातलेली नोट. वायफायचा पंखा दिसतोय, त्याच्याशेजारी बारीक उद्गारचिन्ह. कनेक्ट आहे, इंटरनेट नाही. "किती दिवस झाले?" तर म्हणाली, "आजच झालंय." सुध्या, त्यावर शेवटचा आलेला मेसेज भोगीचा होता. अकरा दिवस ती बंद फोन घेऊन बसली होती.

मग मी बाह्या सरसावल्या. तुझा जुना भागीदार आहे मी, चार कॉम्प्युटरचं सायबर कॅफे चालवलंय. आधी विमानाचं बटण चालू-बंद. मग राउटर बंद करून दोन मिनिटं थांबलो. मग नेटवर्क विसरायला लावून पासवर्ड परत घातला. तारीख-वेळ बघितली, कारण फोनची तारीख चुकली की सुरक्षित साइट्स दार उघडत नाहीत. तारीख बरोबर. मग माझा फोन त्याच वायफायला लावला, तर पळतोय. म्हणजे वायफाय निर्दोष. आईचा फोन माझ्या हॉटस्पॉटला लावला, तर तोही पळाला! धडाधड मेसेज यायला लागले, पण मला त्याचं काय, मी लगेच काढून परत वायफायला लावला. म्हणजे फोनही निर्दोष. दोघं वेगवेगळे बसवले तर साधू, एकत्र आणले की बोलणं बंद. दिवाळीतले तू आणि मी.

बसवून गेलेल्या पोराला फोन केला. तो म्हणाला, "काका, हँडसेट जुना झालाय, नवीन घ्या." आईलाही त्यानं त्या दिवशी हेच सांगितलं होतं. स्वतःच्या मोबाईलवर यूट्यूब लावून दाखवलं, सही घेतली आणि गेला. चार वर्षांचा फोन म्हातारा, मग आपण कोण?

मग आत शिरलो. आयपी पत्ता मिळालेला, १९२.१६८.१.५, गेटवे .१. तो आकडा दिसला आणि मला तू आठवलास. दहावीच्या निकालाचा दिवस, २००३, दुकानाबाहेर जिना उतरून रस्त्यापर्यंत रांग, आणि तीन नंबर आणि चार नंबर मशीन आळीपाळीनं मरतायत. तू दोघांना एकच पत्ता देऊन ठेवला होतास, १९२.१६८.०.३. आणि मला म्हणत होतास की मोडेम गरम झालाय! मोडेमवर ओला रुमाल ठेवलास, नालायका. त्या दिवशीचं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच, पण तू आजपर्यंत कबूल केलं नाहीस. इथं लेखी नोंद करून ठेवतो.

असो. पत्ता ठीक होता. म्हटलं, फोन हल्ली राउटरला खोटा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा ओळख-नंबर, सांगतात, ते बंद करून बघू. काही नाही. मग डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर, हातानं घातला, ८.८.८.८, दुप्पट खात्रीसाठी खाली ८.८.४.४. काही नाही. इथं माझं डोकं फिरलं, कारण आता चालायलाच पाहिजे होतं. सहा वाजले. आईनं दोनदा चहा आणून ठेवला, दोनदा गार झाला. नेटवर्कचं सगळं रीसेट मारायला बोट नेलं आणि तेवढ्यात नावाखालची बारीक ओळ पहिल्यांदा नीट वाचली. तिचा फोन मराठीत, आणि मराठी वाचायची मला सवय नाही, हे तुला म्हणून सांगतो. खाजगी डीएनएस सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही, अशा अर्थाचं काहीतरी.

खाजगी? आईचं कसलं आलंय खाजगी?

उघडून बघतो तर तिथं त्या जाहिराती गाळणाऱ्या सर्व्हरचं नाव, टायपून, स्पेलिंगसकट बरोबर. हे आई करणार नाही. चिमी करणार नाही. जगात एकच माणूस विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या फोनमध्ये असं करतो.

आता यात तुझी चूक किती, तेही सांगतो, कारण रात्री शांतपणे विचार केला. दिवाळीत तिच्याकडे सिमचं नेट होतं, तिथं ते चाललं. अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे. एकदा तिथं नाव घातलं की फोन साइटचे पत्ते दुसऱ्या कुणाला विचारतच नाही, मी घातलेल्या आठ-आठला विचारलं तर फार तर त्या सर्व्हरचाच पत्ता. आणि हा संवाद जातो ८५३ नंबरच्या पोर्टवरून. पोराला विचारलं, तर तो म्हणाला, "वरून बंद असेल काका." बहुतेक तसंच. राउटर बदलून बघितला नाही, पण खाजगी डीएनएस 'ऑटोमॅटिक'वर टाकला आणि उद्गारचिन्ह त्याच क्षणी गेलं.

आईला समजावून सांगायला लागलो. म्हटलं, गावात नवीन आलेला माणूस टपरीवर पत्ता विचारतो ना, तसं. सुध्यानं तुझ्या फोनला सांगून ठेवलं होतं की त्या एकाच माणसाला विचारायचं, बाकी कुणावर विश्वास ठेवायचा नाही. आणि त्याच्या घराकडं जाणारा बोळ या नव्या वायफायवाल्यानं बंद केलाय. ती म्हणाली, "मग फोन शहाणाच की. सांगितलेलं ऐकतो."

आणि मग म्हणाली, "मला वाटलंच होतं, सुधीरचं काहीतरी असणार."

मी उडालो. "मग सांगितलं का नाहीस?"

"तू त्याच्यावर ओरडला असतास."

आणि थोड्या वेळानं, ताट उचलता उचलता, "माझ्यावर पण."

सुध्या, मी तिच्यावर ओरडतो. तुला माहीत नसेल. गणपतीत तिनं कसल्याशा लिंकवर बोट ठेवलं होतं, बक्षीस लागलं म्हणून. पैसे गेले नाहीत, काही झालं नाही. पण मी फोनवरून असा बोललो, "कशाला हात लावतेस? सांगितलंय ना, हात लावायचा नाही." मला आठवतही नव्हतं. काल तिनं ते शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले. माझ्या आवाजात नाही रे. दादांच्या आवाजात.

तो काळा फोन आठवतो? तबकडीच्या भोकात अडकवलेलं बारकं पितळी कुलूप, किल्ली दादांच्या जानव्याला. आणि तू शोधून काढलं होतंस की रिसीव्हर ठेवायची खुंटी टकटक दाबली तरी नंबर लागतो, पाचाला पाच टकटक, शून्याला दहा. मुंबईला तुझ्या मामाला लावलास, पाच मिनिटं. बिल आलं तेव्हा दादा किल्ली हातात घेऊन ओसरीवर उभे, आणि आपण दोघं चड्डी ओली व्हायच्या बेतात. आई आतून आली आणि म्हणाली, "मी केला होता. बहिणीला." किल्ली जानव्याला असताना तिनं कसा केला, हे दादांनी विचारलं नाही. आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत, एवढंच.

फोनला नेट आहे की नाही हे तो कसं ओळखतो, माहितीये? गूगलच्या एका पत्त्यावर बारीकशी हाक मारतो. तिकडून २०४ असं उत्तर येतं, म्हणजे "पोचलं, सांगण्यासारखं काही नाही." ते रिकामं उत्तर आलं की याच्या लेखी सगळं ठीक. मी रोज रात्री नऊला तेच करतो. "बरी आहेस ना?" "बरी आहे." ठेवला.

दिवाळीत तू हेच म्हणत होतास, जरा वेगळ्या शब्दांत आणि माझ्या सासऱ्यांसमोर. त्यावर मी बडोद्याचं बोललो, तुझ्या अण्णांचं बोललो. ते बोलायला नको होतं. सासऱ्यांसमोर तूही बोलायला नको होतंस, पण माझं जास्त चुकलं. तीन महिने हे लिहायला लागले.

आणि आता खरं ते, ज्यासाठी हे पत्र. नेट चालू झाल्यावर फोन दोन मिनिटं टिंगटिंग करत होता. शुभ सकाळ, गुलाबाची फुलं, कुणाचं तरी ॲपेंडिक्स. आणि त्यात तुझे चार. वाचायला नको होते, पण ती चष्मा शोधत होती आणि फोन माझ्या हातात होता. "काकू, तिळगूळ घ्या." "काकू, फोन चालतोय ना?" "काकू, रागावलात का?" आणि चौथा, रात्री पावणेएकचा, तो इथं लिहीत नाही.

एकच टिक बघत बसला असशील अकरा दिवस. तुला वाटलं असेल, नंद्यानं काकूंना ब्लॉक करायला लावलं. खरं सांग, वाटलं ना? मी लहान मनाचा आहे, पण इतका नाही. ते तुझं तुलाच लागलं होतं, तुझ्याच हातचं कुलूप.

आईनं ते चार मेसेज दोनदा वाचले. मग मला विचारलं, "आता त्याच्याकडं निळं झालं असेल?" म्हटलं, झालं. म्हणाली, "मग बरं." आणि आत गेली. रात्री तिच्या खोलीतून हळू आवाजात काहीतरी रेकॉर्ड करणं चाललं होतं. एकदा चुकलं, परत पहिल्यापासून. तुला पोचलं असेल. मी ऐकलं नाही.

रुचाची बारावी कधी सुरू होतेय? चिमीनं तिला पेन पाठवायचं म्हणून माझ्याकडे दिलंय, पार्सल करतो. वहिनींच्या बदलीचं झालं का काही? आणि तुझा तो खांदा? नानाची बायको स्टँडवर भेटली, तुझं विचारत होती, मी म्हटलं मजेत आहे, म्हणजे काही माहीत नाही.

मी उद्या सुट्टी संपवून रात्री निघतोय. तिच्या सिमला परत नेटचा पॅक टाकलाय, पुढचं बघू.

एक काम आहे. ऑटोमॅटिकवर टाकल्यापासून तिच्या हरिपाठाच्या ॲपमध्ये मध्येच रमीची जाहिरात येते. तिला ते अजिबात आवडलेलं नाही. मला म्हणाली, "तुला नाही जमायचं, सुधीरला विचार." तेव्हा होळीला ये आणि काय करायचं ते कर. फक्त या वेळी केल्यावर मला सांग. आणि येताना तो ओला रुमाल आणू नकोस.

तुझा,
नंद्या