क्षमा म्हणजे विसरणे नव्हे

कॅम्पातील एका चर्चच्या दोन दिवसांच्या सहभागिता शिबिराची बातमी (सोमवारचा अंक) ‘क्षमा करा, विसरून जा’ या मथळ्याने आली. मी त्या शिबिरात होते. मथळा पटला नाही. प्रभूच्या प्रार्थनेत, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत, मराठीत क्षमेसाठी ‘ऋण सोडणे’ असे शब्द आहेत. ऋण सोडायचे तर आधी ते मान्य व्हावे लागते. शनिवारी जेवणाच्या पंगतीत, जमिनीवरून अकरा वर्षे अबोला धरलेले दोन भाऊ शेजारी बसले. ‘दादा, तेव्हा माझं चुकलं,’ असे धाकटा म्हणाला, तेव्हा कुठे थोरल्याने त्याला स्वतःच्या ताटातली पोळी दिली. विसरले कोणीच नव्हते. नंतर चहाला सातबाराचा विषय निघालाच, पण आवाज चढला नाही.

– एक वाचक, वानवडी, पुणे