हवेत : ऐकून घेणारे स्वयंसेवक आणि मापाचे ग्लास

महाविद्यालयीन मुलामुलींची बेसुमार दारू आटोक्यात यावी म्हणून आमची समिती दोन भेटींचा उपक्रम राबवते. त्यासाठी माणसं हवीत, थोडं सामानही. व्याख्याते मात्र नकोत. यकृताची चित्रं पाहून कुणी ग्लास खाली ठेवत नाही.

पहिली भेट पन्नासेक मिनिटांची, एकट्याशी, दार लोटता येईल अशा खोलीत. घोळक्यात फुशारक्याच ऐकू येतात. आधी जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी, विद्यार्थ्यानं स्वतः, नाव न घालता भरायची. गुण 8 किंवा जास्त आले, तर पिणं धोक्याच्या पातळीवर आहे असं धरतो.

मग टेबलावर रंगीत पाण्याची बाटली आणि एक मग. ‘तुझा नेहमीचा पेग ओत.’ ओतलेलं मोजपात्रात काढलं की 30 मिलीच्या जागी 80 निघालं तर नवल नाही. दारू 42.8 टक्क्यांची असेल, तर 80 × 0.428 × 0.79 (एक मिली अल्कोहोलचं वजन 0.79 ग्रॅम), म्हणजे 27 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. शरीर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमच निपटतं. अशा तीन मगांचे 81 ग्रॅम उतरायला आठ ते बारा तास. कॉफीनं किंवा गार पाण्याच्या अंघोळीनं त्यात मिनिटही वाचत नाही. हा हिशेब त्याच्याच हातून व्हायला हवा. तुम्ही मांडलात की प्रवचन झालं!

घरी जाताना आठवड्याची वही द्यायची: काय, किती मिली, कधीपासून कधीपर्यंत, पोटात काही होतं का. रोजच्या रोज लिहिली नाही तर आकडे हमखास घसरतात.

दुसऱ्या भेटीत वही उघडायची. ‘सोडत का नाहीस?’ विचारलंत, तर तो दारूची वकिली करू लागतो. ‘कमी करायची झालीच, तर कशासाठी?’ असं विचारा आणि गप्प बसा. नवख्यांना हे गप्प बसणंच जमत नाही. ‘सगळेच पितात’ यावर उतारा म्हणजे त्याच महाविद्यालयातल्या निनावी पाहणीचे आकडे. इतर किती पितात याचा मुलांचा अंदाज बहुधा फुगलेला असतो.

गुण 20 किंवा जास्त असतील, किंवा सकाळी हात थरथरत असतील, तर ‘आजपासून बंद’ म्हणू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर फिट येऊ शकते. त्याला डॉक्टरांकडेच पाठवायचं. म्हणून आठवड्याला दोन वेळा राखून ठेवणारे मानसोपचारतज्ज्ञही हवेत.

सामान असं: 30 मिलीची खूण असलेले 20 ग्लास, 100 मिलीची पाच मोजपात्रं, चाचणी आणि वहीच्या 500 संचांची छपाई, संध्याकाळी दोन तास मोकळी मिळणारी खोली. स्वयंसेवकांनी आठवड्यातली एक ठरावीक संध्याकाळ कळवावी. दोन्ही भेटींना माणूस तोच लागतो, त्यामुळे अधूनमधून येणाऱ्यांनी पाहणीचे कागद मोजायला यावं.