चार अंगारी

फ्रेस्नो, कॅलिफोर्निया
19 सप्टेंबर 2021, अनंत चतुर्दशी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलायला घेतलं की तू "जेवली का?"वर येतेस, मग मीही भाजी-पोळीचं सांगत बसते आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहून पाठवते आहे. दादा, तिला मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून दे. मोबाईलवर वाचायला लावू नकोस, मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे.

आई, सिक्वॉयाचं जंगल पेटलं आहे. तुला नाव आठवणार नाही कदाचित, तू त्याला "ते अस्वलांचं जंगल" म्हणतेस. आपल्याकडे गणपती बसले त्याच्या आदल्या रात्री इथे डोंगरात विजा पडल्या. त्यातून दोन आगी लागल्या, एकीचं नाव पॅराडाइज, दुसरीचं कॉलनी. (इथे आगींनाही नावं ठेवतात. पॅराडाइज नावाची आग! बाबांनी यावर नक्की काहीतरी तिरकस टाकलं असतं.) आता त्या दोन्ही एकत्र झाल्या आहेत. उद्यान रिकामं केलं, खालच्या थ्री रिव्हर्स गावातल्या काही लोकांनाही घरं सोडायला सांगितली. आमच्या गावाला काही धोका नाही, ते आधीच सांगून ठेवते, नाहीतर तू एवढं वाचूनच देवाला पाण्यात ठेवशील. फक्त धूर येऊन राहिला आहे. सूर्य भरदुपारी तांबडा दिसतो, खिडक्या बंद ठेवतो. मास्क काय, घरात ढिगाने पडलेच आहेत.

आपण गेलो तो 2018 चा मे होता. नागपुरात कूलरला वाळ्याचे ताटे लावून झाले असतील आणि तुम्ही दोघं इथे स्वेटर घालून बसला होता. घाटाची वळणं तुला सोसली नाहीत, पूर्ण रस्ता आवळासुपारी चघळत होतीस. वर पोचलो तर तिथे पाटी, अस्वलं येतात म्हणून गाडीत खाण्याचं काही ठेवू नका. मग तुझ्या तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा त्या लोखंडी पेटीत ठेवावा लागला. "माझ्या पुऱ्या अस्वलाच्या तिजोरीत," असं तू घरी परतेपर्यंत म्हणत होतीस. आणि ते थार्पचं घर! पडलेल्या झाडाच्या पोकळ खोडात एका गुराख्याने थाटलेला संसार. सगळे फोटो काढत होते आणि तू आत वाकून धूर जायची सोय कशी केली आहे ते बघत होतीस.

बाबांचं मात्र वेगळंच. जनरल शेरमन नावाच्या त्या प्रचंड सिक्वॉया झाडापाशी आलो तेव्हा सगळी माणसं मान मागे टाकून वर बघत होती. 275 फूट उंच, बुंध्याचा घेर 100 फुटांच्या वर, वय साधारण 2,200 वर्षं. मी पाटी वाचून दाखवत होते. बख्त बुलंद शाहने 1702 साली नागपूर वसवलं तेव्हा हे झाड जवळजवळ 1,900 वर्षांचं होतं, असा हिशेबही मी तिथेच करून सांगितला. बाबा ऐकत नव्हते. त्यांनी वर बघितलंच नाही. पुढे पायवाटेवर एका झाडाशी ते खाली वाकले आणि बुंध्यातला काळा, माणूस उभा राहील एवढा खळगा बघत बसले. मग म्हणाले, "आग इथे रेंगाळली बघ. उताराच्या वरच्या अंगाला पाला-काटक्या येऊन साचतात, म्हणून जखम नेहमी वरच्या अंगाला." मी खालच्या अंगाला जाऊन पाहिलं तर तिथे डाग नाही. मग पुढच्या झाडापाशी गेलो, तिथेही तसंच. कोणी सांगितलं नाही, पाटी नाही, इंग्रजी वाचायला चष्माही नव्हता लावलेला. देवलापारच्या रानात आयुष्य गेलेला वनपाल सातासमुद्रापार येऊन दोन हजार वर्षांच्या झाडाची केस पेपर वाचल्यासारखी वाचत होता. त्या खळग्याच्या दोन्ही कडांनी नवी साल आत सरकत आली होती, तिच्यावर त्यांनी तळहात ठेवला. ती साल नारळाच्या सोडणासारखी, दाबली तर दबते. "हिच्यात राळ नाही," म्हणाले, "म्हणून टिकलं."

लहानपणी 15 फेब्रुवारी ते 15 जून बाबा आपले नसायचेच. हिवाळ्यात जाळरेषा, म्हणजे आग अडवायचे पट्टे, साफ करून, जाळून घ्यायच्या आणि मग चार महिने वणव्याच्या मागे. मोहफुलं नीट वेचता यावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवायचे, वारा फिरला की तीच आग सागाच्या रानात पळायची. बाबा आणि त्यांचे अंगारी, म्हणजे वणव्यावर पहारा ठेवणारी माणसं, हिरव्या डहाळ्यांनी ती झोडपून काढायचे. रात्री दोनला घरी आले की अंगाला धुराचा वास. तू त्यांचा खाकी शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायचीस आणि पाणी काळं व्हायचं. मला तो वास वडिलांचाच वास वाटायचा. शाळेत मैत्रिणीच्या बाबांना तसा वास येत नाही हे कळलं तेव्हा मला तिची कीव आली होती.

आता आमच्या घराबाहेर तोच वास आहे. अगदी तोच म्हणणार नाही, सागाच्या पाल्याचा धूर कडवट असतो, इथला पाइनचा आहे. पण पहाटे जाग येते तेव्हा क्षणभर फरक कळत नाही.

एप्रिलमध्ये बाबा गेले तेव्हा मी निघू शकले नाही. व्हिसाचं तुला सगळं माहीत आहे, ते पुन्हा नको. दादाने घाटावर मोबाईल धरला होता. किट घातलेली ती पोरं, मधेच थांबणारं चित्र, आणि बाबा पूर्ण गुंडाळलेले. चेहरा दिसलाच नाही. मी इथे स्वयंपाकघरात उभी होते. त्यानंतर मी कामावर गेले, मीटिंगा केल्या. तू फोनवर विचारायचीस, "रडली का तू?" आणि मी हो म्हणायचे. नव्हते रडले.

गुरुवारी टीव्हीवर दाखवलं, शेरमनच्या बुंध्याला पिवळ्या शर्टातली माणसं चंदेरी कापड गुंडाळून राहिली होती. ॲल्युमिनियमचं अग्निरोधक कापड असतं ते, एरवी आगीच्या तोंडावरची घरं वाचवायला वापरतात. चांगलं काम करत होती बिचारी, किती जपून कड दुमडत होती. पण मला ते गुंडाळणं बघवेना. मी टीव्ही बंद केला, बाथरूममध्ये गेले, आणि एप्रिलपासून जे अडकून होतं ते सगळं आलं. जावई दाराबाहेर उभे राहून विचारत होते, कोणाचा फोन आला का? काय सांगणार, झाडाला कापड गुंडाळलं म्हणून?

तुलाही वाटेल, झाडासाठी काय रडायचं. पण तुझ्याजवळ बाबांची खुर्ची आहे, चपला आहेत, सेमिनरी हिल्सचा सकाळचा रस्ता आहे. दादाने अस्थी हातात घेतल्या. मला या देशात बाबा भेटतात ती एकच जागा आहे. ते गेल्यावर जूनमध्ये मी तिथे एकटीच जाऊन आले, तुला सांगितलं नव्हतं. त्या खळग्याच्या झाडापाशी बसले होते. काही केलं नाही, डब्यातला दहीभात खाल्ला आणि परत आले. माझ्यासाठी दहावं-तेरावं जे काय झालं ते तिथे झालं.

इथली एक मैत्रीण समजूत घालायला आली. म्हणे, सिक्वॉयाला आग हवीच असते, उष्णतेने शंकू उघडतात, बी राखेत पडतं आणि नवी रोपं उगवतात. ते मला माहीत आहे गं! अंड्याएवढा शंकू तळहातावर घेऊन बाबांनीच मला ते दाखवलं होतं. पण बाबा गेल्यावर "सुटले, फार हाल झाले नाहीत" म्हणणाऱ्यांचा मला जसा राग आला होता, तसाच हिचाही आला. तिला चहा दिला आणि विषय बदलला.

शिवाय आता आग ती राहिलेली नाही. गेल्या वर्षी इथल्याच दक्षिणेच्या डोंगरात कॅसल नावाची आग लागली. तिच्यात 7,500 ते 10,600 मोठी सिक्वॉया झाडं मेली असा यंदा जूनमध्ये अंदाज आला. जगात अशी जेवढी मोठी झाडं आहेत त्यांतली 10 ते 14 टक्के, एका आगीत! ही झाडं सिएरा नेवाडाच्या पश्चिम उतारावर सोडली तर आपसूक कुठेच उगवत नाहीत. पूर्वी दर दहा-वीस वर्षांनी जमिनीलगतची छोटी आग यायची, पाला खाऊन जायची. तिथले मूळ आदिवासीही स्वतः जाळायचे. मग सरकारने शंभर वर्षं जवळजवळ प्रत्येक आग विझवली. खाली पाला, मधे दाटीने वाढलेली फरची झाडं. त्यात 2012 ते 2016 चा दुष्काळ, वर वाढती उष्णता. आग फरवरून चढत थेट शेंड्याला जाते, आणि शेंडा गेला की दोन फूट जाडीच्या सालीचा काही उपयोग नाही.

हे मी तुला का सांगते आहे, तर बाबांचं त्या रेंजर मुलीशी झालेलं बोलणं. तू कंटाळून गाडीत जाऊन बसली होतीस ना, तेव्हाचं. तिथे पाटी होती की इथे आम्ही ठरवून आग लावतो. बाबांना आधी ते पटेना. "आम्ही जन्मभर विझवली आणि हे लावतात?" मग त्यांनी मला मधे घालून तिची उलटतपासणी घेतली. कोणत्या महिन्यात लावता, वारा किती चालतो, पाला किती ओला असावा लागतो, रात्री पहारा कोण देतो? ती पोरगी एवढी खूश झाली की तिने झाडाखालची जमीन उकरून दाखवली. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून या उद्यानात हे चाललं आहे म्हणाली. परत येताना बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपली जाळरेषा म्हणजे तेच की. आम्ही रेषा जाळतो, हे आख्खं रान जाळतात." आणि थोड्या वेळाने, "आपल्याकडे नाही चालायचं. आपल्याकडे दरवर्षी तीच जागा जळते, रोपट्याला उठायला सवड कुठे मिळते!" म्हणजे पटलं होतं आणि नव्हतंही. तुला माहीतच आहेत ते.

आता इथले आगवाले सांगतात, शेरमनच्या आसपास गेली पन्नास वर्षं अशी जमीन जाळून साफ ठेवली आहे, त्यामुळे तिथे आग आली तरी खाली बसेल, शेंड्याला जाणार नाही. मी त्या वाक्यावर दिवस काढते आहे. त्या रेंजर मुलीचं नावसुद्धा विचारलं नव्हतं, पण रोज तिची आठवण येते.

काल आग त्या चार झाडांपर्यंत आली, आठव, रस्ता जिथे दोन्हीकडच्या झाडांच्या मधून आत शिरतो. इंग्रजीत त्यांना फोर गार्ड्समन म्हणतात. बाबांनी गाडीतूनच त्यांना हात केला होता, "हे चार अंगारी" म्हणून. त्यांनाही कापड गुंडाळलं आहे. आत काय झालं ते अजून नीट कळत नाही. धूर दाट असला की विमानंही उडत नाहीत, आणि मी अर्ध्या-अर्ध्या तासाने नकाशा उघडून बघते.

यंदा तुम्ही गणपती बसवला हे बरं केलंस. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, बाबांनी असताना एकही वर्ष चुकवू दिलं नाही. महालक्ष्म्यांचं वहिनीने एकटीने केलं का? तिला सांग, पुढच्या वर्षी मी हाताखाली असेन. व्हिसाची तारीख अजून मिळत नाही. मिळाली की आधी तुला फोन.

दादा, एक काम कर. त्या प्रवासात बाबांकडे निळ्या पुठ्ठ्याची वही होती, डायरी लिहायची खोड काही सुटली नव्हती त्यांची. रोज रात्री झोपायच्या आधी त्यात लिहायचे, झाडांचे घेर पावलांनी मोजलेले आहेत त्यात. माळ्यावर त्यांच्या खात्याच्या कागदांच्या पेटीत असेल, नाहीतर कपाटात रेनकोटच्या खाली. त्यात त्या खळग्याच्या झाडाचं त्यांनी चित्र काढलं होतं आणि वाटेवरून ते कुठे येतं त्याची खूण लिहिली होती. उद्यान उघडलं की मला ते झाड शोधायचं आहे, असेल तसं. पानांचे फोटो नीट उजेडात काढ, त्यांचं अक्षर बारीक आहे. आईच्या दुसऱ्या डोसची तारीखही कळव. पण वहीचं आधी बघ.

तुझी,
मनू