माळ्यावरचा कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी बॅटरी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून बाबांचा ४८६ (त्या काळचा पीसी) खाली काढला. १९९३ साली घेतलेला, लग्नपत्रिका आणि सोसायट्यांचे अहवाल सगळं त्याच्यावरच टाइप व्हायचं. चालू केला तर पंखा फिरला, मेमरी मोजून झाली आणि मग सीमॉसची (सेटिंग लक्षात ठेवणाऱ्या चिपची) एरर, तारीख १ जानेवारी १९८०, आणि हार्ड डिस्क म्हणे नाहीच. जवळच्या रिपेअरवाल्याने पाच मिनिटं बघून सांगितलं डिस्क गेली, भंगारात द्या. हे पत्र त्यासाठीच लिहितोय कारण डिस्कला काहीच झालं नव्हतं, मेली होती ती मदरबोर्डवरची बॅटरी.

त्या काळात डिस्कची मापं, म्हणजे सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती, हे मशीनच्या सेटअपमध्ये भरून ठेवायला लागायचं आणि ते आकडे बॅटरीच्या जिवावर लक्षात राहायचे (१९८४ च्या आयबीएम एटीपासूनची ही पद्धत, त्याआधीच्या पीसीला तर रोज सकाळी तारीख विचारायची सवय होती). बॅटरी संपली की मशीन आकडे विसरतं आणि आपण समजतो डिस्क बाद. आमच्या बाबांनी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला पेन्सिलने ७६२, ८, ३९ लिहून ठेवलं होतं, ते सेटअपमधल्या टाइप ४७ मध्ये (आकडे आपणच भरायची जागा) भरलं आणि १२० एमबीची डिस्क सगळ्या पत्रिकांसकट उघडली!

पण खरा धोका वेगळाच आहे. आमच्या बोर्डवर निळ्या वेष्टनातली पिंपासारखी बॅटरी होती, निकेल कॅडमियमची, ३.६ व्होल्टची, चार्ज होणारी. ती नुसती मरत नाही, गळते. आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, ते बाहेर येऊन तांब्याच्या रेघा खातं, हिरवट बुरा धरतो, आणि मशीन बंद असलं तरी हे चालूच राहतं, म्हणजे 'नीट झाकून ठेवलाय' याला काही अर्थ नाही. बॅटरी बहुतेक वेळा कीबोर्डच्या सॉकेटजवळच असते म्हणून पहिला बळी कीबोर्डचा. आमच्या दोन रेघा गेल्या होत्या, बारीक वायरने जोडल्या. आधी बॅटरी कापून काढली, हातमोजे घालून, मग जुन्या टूथब्रशने पांढरं व्हिनेगर लावलं (अल्कली आहे, त्यामुळे आम्लानेच मरतं), पाण्याने धुतलं, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), आणि दोन दिवस वाळवलं.

नवीन म्हणून सगळे सांगतात सीआर२०३२ हा बटण सेल टाका, बरोबर आहे, टापकीर गल्लीत होल्डरसकट मिळतो. पण जुन्या जागी तसाच सोल्डर करू नका. बोर्ड त्या जागेला चार्जिंगचा करंट देतो आणि हा सेल चार्ज करायचा नसतो, फुगतो, फुटूही शकतो. मध्ये एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) सेलच्या प्लसच्या वायरमध्ये घाला, १एन४१४८ चालतो, त्याच्यावरच्या पट्टीची बाजू बोर्डाकडे. काही बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी ४ पिना असतात, तिथे बहुतेक वेळा जम्परने (पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने) काम भागतं, पण मॅन्युअल बघून. होल्डर लांब वायरने कॅबिनेटला चिकटवला तर पुढे कधी काही गळलंच तर बोर्ड तरी वाचतो. आणि हो, काढलेले बटण सेल घरातल्या लहान पोरांच्या हाताला लागू देऊ नका, गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते.

आता तक्रार. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे बॅटऱ्या वेगळ्या द्यायच्या, कॅडमियम विषारी आहे हे कुणाला सांगायला नको. घंटागाडीवर घेऊन गेलो तर ताईंनी विचारलं, ओला का सुका? त्यांची काय चूक, त्यांना कुणी डबाच दिलेला नाही. वॉर्ड ऑफिसात एकाने वरच्या मजल्यावर पाठवलं, वरच्याने खाली. प्रत्येक वॉर्डात एक डबा ठेवला तर किती खर्च येणार आहे? तोपर्यंत आमची बॅटरी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, वर चिठ्ठी लावून, बाल्कनीत.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे