सर्पमित्र दादा, धामण नेली नाही त्याबद्दल थँक्यू

नमस्कार दादा,

नाव लिहीत नाही तुमचं. तुम्हीच त्या दिवशी म्हणाले होते की काकू नाव-नंबर कुठे टाकू नका, मग रात्री बारालाही "साप आहे का हो, पाहायला येऊ का" असे फोन येतात. तर नुसतं दादा. नागपुरात बेसा-मानेवाडा साइडला ज्यांच्याकडे तुम्ही येऊन गेले असाल त्यांना बरोबर समजेल मी कोणाबद्दल लिहून राहिली ते.

साप पकडल्याबद्दल आभार मानतात सगळेच. मला मानायचेत ते साप न नेल्याबद्दल. पकडून पोत्यात टाकून गाडीला अडकवून घेऊन गेले असते तर आमच्या घरचे, शेजारचे सगळे खूश झाले असते, तुमचाही वेळ वाचला असता. तुम्ही तसं केलं नाही. उन्हात उभं राहून एकेकाला समजावत बसले, ज्यांना ऐकायचंच नव्हतं त्यांनाही.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. घराच्या बाजूचा प्लॉट आमचाच आहे, बांधायला पैसे होईस्तोवर त्यात भाजी लावायची असं ठरलं आणि मग भाजीच राहिली. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक, चवळी, मांडवावर दोडके आणि कारली, कडेला अंबाडी. मागच्या भिंतीला विटांचा ढीग आणि पालापाचोळ्याचं खत. पावसाळा लागला की आजूबाजूच्या रिकाम्या प्लॉटांमध्ये कमरेएवढं गवत होतं, बेडूक, उंदीर, घुशी सगळं आलंच, आणि जिथे हे आलं तिथे साप येणारच, ह्यात काही नवल नाही. पण हे आता म्हणून राहिली. तेव्हा साप म्हटलं की आमच्या घरात फक्त दोन गोष्टी व्हायच्या, किंचाळणं आणि काठी शोधणं.

ती धामण पोळ्याच्या आसपास अडकली. खारी आणि पोपट भाजी ठेवत नाहीत म्हणून वाफ्यांभोवती नायलॉनची बारीक जाळी असते ना, सगळेच लावतात, त्या जाळीत. सकाळी वांगी तोडायला गेले तर जाळी हलून राहिली होती आणि खाली पिवळट तपकिरी एवढं मोठं धूड. पाच मिनिटांत अर्धी गल्ली जमा. कोणी म्हणे नागीण आहे, कोणी म्हणे मारली तर जोडीदार बदला घ्यायला येतो, कोणी म्हणे धामण असेल तर ती गाईचं दूध पिते आणि शेपटी मारली की माणूस वाळत जातो. आणि सगळ्यात जास्त "मारा मारा" कोण करून राहिलं होतं, तर जे काका दरवर्षी श्रावणात पचमढीला नागद्वारच्या यात्रेला जातात ते! डोंगरात नागोबापुढे नारळ फोडायचा आणि घराशेजारी नागोबाच्या चुलतभावाला फोडायचं, हे गणित मला कधी समजलं नाही बाप्पा.

तुम्ही आले आणि पहिले काठ्या खाली ठेवायला लावल्या. मग मला म्हणाले, काकू बारीक कात्री आहे का घरात, शिवणकामाची. सासूबाईंची ब्लाऊजचे धागे कापायची कात्री आणून दिली, आणि एक ओला टॉवेल. टॉवेल तिच्या डोक्यावर टाकला, तुमच्यासोबतच्या मुलानं मानेमागे हलक्या हातानं धरलं आणि तुम्ही खाली मातीत बसले. ते काम मी इतक्या जवळून पाहिलं की अजून दिसतं. जाळीचा दोरा खवल्यांच्या मधात घुसला होता, जितकी ती ओढत होती तितका आत रुतत होता. तुम्ही प्रत्येक दोऱ्याखाली आधी नख घालायचे, मग कात्रीचं एक पातं बोटाच्या आणि दोऱ्याच्या मधात सरकवायचे, टोक कायम अंगाच्या बाहेरच्या दिशेनं, आणि मग कट. पुन्हा दुसरा. घाई नाही. मधेच तिनं गळा फुगवला आणि मिक्सर अडकल्यावर येतो तसा घुर्र आवाज काढला तर सगळी गल्ली दोन पावलं मागे. टॉवेल सरकला तेव्हा तिनं तुमच्या अंगठ्याला चावाही घेतला, रक्त आलं, माझ्या तर पोटात गोळाच आला. तुम्ही नळावर साबणानं हात धुतला, म्हणाले "धामणीला विष नसते काकू, टिटॅनसचं इंजेक्शन झालेलं आहे माझं", आणि परत येऊन बसले.

सुटल्यावर तुम्ही आम्हाला तिचं तोंड दाखवलं. मोठे गोल डोळे, ओठांवरच्या खवल्यांना काळ्या रेघा, बारीक मान, शेपटीकडे काळपट पट्टे, फणा नाही. उंदरांच्या बिळात घुसून उंदीर खाणारी ही, तुमच्या रताळ्यांचा पहारेकरी आहे असं म्हणाले. आमच्या ह्यांनी तेव्हा विचारलं, तेही खरंच विचारायसारखंच होतं, की हौ ठीक आहे, बिनविषारी आहे, पण घेऊन जा ना तिकडे गोरेवाड्याच्या जंगलात सोडा, इथं लेकरं खेळतात. तुम्ही चिडले नाही. म्हणाले, साहेब तिला इथली बिळं माहीत आहेत, लपायच्या जागा माहीत आहेत, जंगलात नेऊन सोडली तर ती तिथं परकी, सैरभैर फिरते आणि कशाच्या तरी तोंडी जाते. आणि इथं उंदीर तर राहिलेच ना? मग उंदरांमागे दुसरा कोणी येईल, तो नाग असला तर? ह्यावर आमचे हे गप्प. जखमा वरवरच्या होत्या म्हणून ठीक, खोल असत्या तर सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला नेली असती हेही सांगितलं. आणि नागद्वारवाल्या काकांना बाजूला घेऊन हळूच, चारचौघात पाणउतारा न करता सांगितलं की १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं साप मारणं गुन्हा आहे. ते बाजूला घेणं मला फार आवडलं दादा. काका आता कोणाच्याही घरी साप निघाला की तुमचाच नंबर देतात, आणि तुमचा लागला नाही तर वनखात्याचा १९२६ लावा म्हणून वर ज्ञानही देतात.

जाळी मी काढली. आता मोठ्या छिद्रांची तारेची लावली, खालून हातभर मोकळी. खारी थोडं खातात, खाऊ देत.

खरी गंमत तर नंतर सुरू झाली. एकदा भीतीच्या जागी उत्सुकता आली की माणूस नीट पाहायला लागतो. पालकाच्या वाफ्यात नानेटी दिसली, हातभर लांबीची, पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत दोन पिवळसर रेघा. बेडकाच्या पिल्लामागे होती बिचारी. मी पाणी टाकलं तशी तिनं अंग फुगवलं आणि खवल्यांच्या मधातून निळसर रंग दिसला, एवढा सुंदर की मी पाइप हातात धरून तशीच उभी, सगळं पाणी वांग्यात. तुम्हाला फोटो पाठवला तर लगेच रिप्लाय, "नानेटी, एकदम गरीब, राहू द्या". कुंडीतली माती बदलताना वाळा निघाला, मी आधी गांडूळच समजत होते, पण अंगावर वळ्या नाहीत, चकचकीत, आणि पळण्याचा स्पीड भल्लाच. सासूबाई म्हणे कानात शिरते ते. तुम्ही सांगितलं की तो मुंग्यांची आणि वाळवीची अंडी, अळ्या खातो, कोणाच्या कानाशी त्याला काही घेणंदेणं नाही, आणि त्यात सगळ्या माद्याच असतात, नराशिवायच अंडी घालतात, आणि कुंड्यांच्या मातीत बसून जगभर पोचलेत. हे ऐकून सासूबाई बराच वेळ हसत होत्या. "नवऱ्याची कटकटच नाही म्हणजे," असं त्यांचं म्हणणं पडलं.

पण सगळेच बिनविषारी असं समजून मी वाहवत जाऊ नये ह्याचीही काळजी तुम्हीच घेतली, आणि हे मी मुद्दाम इथं लिहून राहिली कारण वाचून कोणी भलतं धाडस करू नये. रात्री मोटारच्या स्विचबोर्डजवळ पट्ट्यांचा साप दिसला तेव्हा मी एकदम कॉन्फिडन्समध्ये फोन केला की दादा कवड्या आहे, पाली खायला आला असेल. तुम्ही म्हणाले, असेलही, पण काकू मागे व्हा, लाइट चालू ठेवा, लांबूनच झूम करून फोटो काढा, मी निघतो. पावसात आले. कवड्याच होता. मग दाखवलं, ह्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढे ठळक आणि शेपटीकडे पुसट, विषारी मण्यारचे उलट, मानेजवळ पुसट किंवा नसतातच आणि मागे शेपटीपर्यंत स्पष्ट, बऱ्याचदा जोडीजोडीनं. आणि लगेच म्हणाले, हे सांगितलं म्हणून तुम्ही ठरवायचं नाही, रात्री पट्टेवाला दिसला की तो मण्यारच समजायचा. मण्यार झोपेत चावली तर दुखतही नाही फारसं, सकाळी पापण्या जड व्हायला लागतात तेव्हा समजतं. तसंच डुरक्या घोणसचं. ती बिनविषारी, पण दिसते विषारी घोणसीसारखी, घोणस म्हणजे आपल्याकडे परड म्हणतात ना ती, आणि ओळखण्यात चूक झाली तर चूक दुरुस्त करायला वेळ मिळत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे तुमचे नियम चालतात. कामाला येणाऱ्या मावशींना आणि मला दोघींना गमबूट घेतले, पाला हातानं उचलायचा नाही, आधी खुरप्याच्या दांड्यानं हलवायचा, वेलात हात घालायच्या आधी काठी आपटायची, अंधार पडला की टॉर्चशिवाय पाय टाकायचा नाही. आणि चावलाच तर ब्लेड नाही, करकचून बांधणं नाही, मांत्रिक तर अजिबात नाही, हात-पाय न हलवता १०८ ला फोन नाहीतर मिळेल त्या गाडीनं सरळ मेडिकल किंवा मेयो, म्हणजे आपली मोठी सरकारी हॉस्पिटलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर तेच एक इंजेक्शन चालतं, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही, हे मला खरंच माहीत नव्हतं. मावशींच्या गावाकडे अजूनही आधी देवळात नेतात. त्यांनी हे सगळं घरी जाऊन सांगितलं, तुमचं नाव घेऊन.

सासूबाईंचं वेगळं लिहायला पाहिजे. त्या आयुष्यभर नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतल्या नागाला दूध देत आल्या. तुम्ही त्यांना अंधश्रद्धा वगैरे शब्द वापरले नाहीत. त्यांच्याजवळ खाली बसून विचारलं, आजी त्या दिवशी तुम्ही काय काय करत नाही? त्या म्हणाल्या चिरत नाही, तवा ठेवत नाही, जमीन खणत नाही. मग तुम्ही म्हणाले, जमीन का खणायची नाही, तर पावसात बिळातून निघालेल्या सापाला फाळ लागू नये म्हणून, म्हणजे आपली म्हातारी माणसं बरोबरच होती, आणि तो टोपलीतला नाग दूध पितो कारण त्याला कित्येक दिवस पाणीच दिलेलं नसतं. ह्या वर्षी पाटावर नागोबा काढून पूजा झाली. दूध नातवानं पिलं, बोर्नव्हिटा घालून.

आणखी एक. हल्ली नागाच्या फण्याला ओठ लावून रील काढणारे खूप झालेत, पाहूनच डोकं दुखतं. तुम्ही आमच्याकडे इतक्यांदा आले पण कधी कोणाला साप हातात देऊन फोटो काढू दिला नाही, आमच्या भाच्यानं एवढी गळ घातली तरी. तेव्हा तो रुसला होता. आता कॉलेजमध्ये स्वतःच सगळ्यांना सांगत फिरतो.

पेट्रोलचे पैसे तुम्ही एकदाही घेतले नाहीत, ह्यावर मात्र माझा राग आहे. रात्री-अपरात्री स्वतःची झोप मोडून, स्वतःची गाडी जाळून येता, घरी तुमच्याही कोणीतरी वाट पाहत असेल. पिशवीभर वांगी आणि सांभाराच्या जुड्यांवर किती दिवस भागवणार?

बरं, कामाचं. थंडीच्या आधी मागचा विटांचा ढीग हलवून तिथं मेथी आणि वाटाणा लावायचा विचार आहे. तुम्हीच म्हणाले होते की हलवायच्या आधी कळवा, खाली कोणी असेल तर आधी बाहेर पडायला वाट करून देऊ. ढिगाच्या कडेला एक लांबलचक कात सापडलीय, मी सुतळीनं बांधून ठेवली आहे तुम्हाला दाखवायला, म्हणजे धामणबाई आहेत अजून इथंच. तर येत्या कोणत्याही रविवारी जमवा, दुपारच्या आत या, भरीत-भाकर करते. मागच्या वेळसारखा उभ्या उभ्या चहा चालणार नाही, सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलंय.

तुमची,
वांगीवाल्या काकू