'नेट बंद'ची पाटी लावायच्या आधी आयपी बघा

मा. संपादक साहेब,

जून लागला की दाखल्याच्या रांगा अन् 'सर्व्हर डाऊन'च्या बातम्या आपल्या पेपरात दरवर्षी येतात. वरचं सर्व्हर बसतं कधीकधी, नाही असं नाही. पण मी परभणी-सेलूकडं ऑफिसातल्या नेटवर्कची कामं करतो, अन् बऱ्याचदा बघतो तर सर्व्हर चालू, कंपनीचं नेट चालू, फक्त ऑफिसातल्या कॉम्प्युटरला आयपी अ‍ॅड्रेसच, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा नंबर, मिळालेला नसतो अन् बाहेर जिंतूरहून तिकीट काढून आलेले लोक उन्हात बसायलेत.

हा अ‍ॅड्रेस राउटर आपोआप वाटतो, त्याला डीएचसीपी म्हणतात. कॉम्प्युटर चालू झाला की नेटवर्कवर सगळ्यांना विचारतो, राउटर एक अ‍ॅड्रेस ठराविक मुदतीसाठी देतो, निम्मी मुदत सरली की कॉम्प्युटर आपणहून वाढवून मागतो. राउटरकडून उत्तरच आलं नाही तर विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा अ‍ॅड्रेस लावून घेतं अन् त्याच्यावर नेट चालत नाही. म्हणून कमांड प्रॉम्प्टमधी, म्हणजे विंडोजच्या काळ्या खिडकीत, आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा, १६९.२५४ दिसलं की कंपनीला फोन लावू नका, घोटाळा आपल्याच ऑफिसात आहे. १९२.१६८ वाला अ‍ॅड्रेस अन् गेटवे (बाहेर नेटवर जायचा दरवाजा) आपल्याच राउटरचा दिसला तर मग खुशाल कंपनीला शिव्या द्या.

आमच्याकडं लाईटीचा खेळ तर विचारू नका. लाईट आली की कॉम्प्युटर आधी उठतो, राउटर मागून. विंडोज दर ५ मिनिटाला परत विचारून बघतं पण तेवढा दम कोणाला असतो, आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू (ipconfig /renew) मारलं तरी काम होतं. तरी चालंना तर केबल अन् मधला स्विच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या केबली जोडायचा डबा, बघा, स्विचचा अ‍ॅडाप्टर जळलेला लई वेळा सापडतो.

खरा वैताग दुसऱ्या राउटरचा. वायफाय आतल्या खोलीत पोचंना म्हणून कोणीतरी घरचा जुना राउटर आणून लॅन पोर्टात खुपसतो, अन् तो पण अ‍ॅड्रेस वाटायला लागतो. एकच गट नंबर दोन तलाठ्यांनी दोघांच्या नावावर चढवावा तसं होतं. सकाळी तीन कॉम्प्युटर चालतात अन् दोन बंद, रिस्टार्ट केले की भलतेच दोन बंद, अन् कोणाला काही कळंना. चालणाऱ्या अन् बंद दोन्ही कॉम्प्युटरवर आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल करून 'डीएचसीपी सर्व्हर'ची ओळ ताडून बघा, आकडे वेगळे निघाले की चोर सापडला. जुना राउटर फेकायची गरज नाही, त्याचं डीएचसीपी बंद करा अन् त्याचा स्वतःचा अ‍ॅड्रेस मेन राउटरपेक्षा वेगळा ठेवा, बस.

आणि वायफायचा पासवर्ड गावाला वाटू नका हो. राउटरला शेवटचा आकडा १०० ते १९९ असलेले एवढेच अ‍ॅड्रेस वाटायला दिलेले असले तर शंभरच झाले, ज्यानं सकाळी फोन जोडला अन् निघून गेला त्याचाही अ‍ॅड्रेस मुदत संपेस्तोवर अडकून राहतो. मुदत तासा-दोन तासाची करा.

हे सगळं सोडून काही जण येतात अन् प्रत्येक कॉम्प्युटरला अन् प्रिंटरला हातानं आयपी टाकून जातात. त्या दिवशी चालतं, पुढं तोच अ‍ॅड्रेस राउटर कोणाच्या तरी फोनला देतो अन् प्रिंटर बंद पडतो. प्रिंटरचा अ‍ॅड्रेस राउटरमधीच रिझर्व्ह करायचा असतो.

माझं म्हणणं एवढंच की ऑफिसात नेट लावणाऱ्याचं बिल काढायच्या आधी त्याच्याकडून एक कागद लिहून घ्या अन् राउटरशेजारी चिकटवा: अ‍ॅड्रेस कोणता डबा वाटतो, कुठून कुठपर्यंत, प्रिंटरचा कोणता. राउटरचा पासवर्ड मात्र पाकिटात घालून साहेबाच्या कपाटात ठेवा. आज तो पासवर्ड नेट लावणाऱ्या पोराच्या मोबाईलात असतो अन् पोरगं पुण्याला गेलेलं असतं.

— एक नेटवर्कवाला, सेलू, जि. परभणी