होळीची ठंडाई आणि शंभर मीटरची शर्यत

यूजीन, ऑरेगन

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

होळीला मित्रांच्या आग्रहाने भांगेची ठंडाई प्यायलेला तुझा चारशे मीटरचा धावपटू आठवड्यावर आलेल्या स्पर्धेतील तपासणीच्या धास्तीने झोपेनासा झाला आहे, हे वाचून वाईट वाटले. ‘तिकडे तर गांजा दुकानात मिळतो, मग खेळाडूंचे काय होते?’ असे तू विचारले आहेस.

हेवर्ड फील्ड हे धावण्याच्या स्पर्धांचे मैदान माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. 2021 च्या जूनमध्ये तेथे अमेरिकेची धावपटू शाकॅरी रिचर्डसनने ऑलिंपिक निवड स्पर्धेतील शंभर मीटरची शर्यत 10.86 सेकंदांत जिंकली. नारिंगी केसांची ती मुलगी शर्यत संपताच प्रेक्षागृहाच्या पायऱ्या धावत चढली आणि आजीच्या गळ्यात पडली. त्याच स्पर्धेत घेतलेल्या नमुन्यात गांज्याचा अंश सापडला. जन्मदात्या आईच्या मृत्यूची बातमी तिला एका पत्रकाराच्या तोंडून कळली होती आणि त्या दुःखात आपण गांजा ओढला, असे तिने स्वतःच सांगितले. ऑरेगनमध्ये एकविसाव्या वर्षापासून गांजा कायदेशीर आहे आणि ती तेव्हा एकवीस वर्षांचीच होती. तरीही महिनाभराची बंदी आली, तो निकाल रद्द झाला आणि टोकियो हुकले.

गंमत अशी की, गांज्यावरची बंदी फक्त स्पर्धेच्या काळापुरती आहे. पण त्यातील नशेचे द्रव्य चरबीत मुरते आणि सावकाश बाहेर पडते, त्यामुळे शर्यतीच्या वेळी डोके ताळ्यावर होते की नाही, हे लघवीवरून कळतच नाही. 1998 मध्ये नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डपटू रॉस रेबाग्लियातीच्या नमुन्यात मिलिलीटरला 17.8 नॅनोग्रॅम सापडले म्हणून त्याचे सुवर्णपदक काढून घेतले आणि गांजा तेव्हा बंदीच्या यादीतच नव्हता म्हणून परतही दिले. 2013 मध्ये मर्यादा 15 वरून 150 नॅनोग्रॅमवर नेली. आजच्या मापाने तो पकडलाही गेला नसता.

मला खरे खटकते ते वेगळेच. इथल्या व्यावसायिक बेसबॉलने 2019 च्या अखेरीस गांजा बंदीच्या यादीतून काढला, अमेरिकन फुटबॉलने 2020 मध्ये त्यासाठीचे निलंबन थांबवले, बास्केटबॉलने 2023 च्या करारात तपासणीच सोडून दिली. हे विज्ञानाने एकाएकी घडवले नाही. त्या खेळाडूंच्या संघटना संघमालकांशी करार करायला बसतात, म्हणून घडले. धावपटूसाठी त्या टेबलावर कोण बसतो? सप्टेंबर 2022 मध्ये उत्तेजक द्रव्यांविरोधी जागतिक संस्थेने (वाडा) फेरविचार केला आणि खेळभावनेचा दाखला देत बंदी कायम ठेवली.

आता तुझ्या पोराविषयी. आपल्या 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे शेंडे आणि फुलोरा. त्याच झाडाच्या पानांची भांग त्यात बसत नाही. पण तपासणीच्या बाटलीला पान आणि फूल यांतला फरक कळत नाही. स्पर्धेबाहेर, कामगिरीशी संबंध नसताना घेतल्याचे त्याने दाखवून दिले, तर बंदी तीन महिन्यांची असते आणि उपचार कार्यक्रम पूर्ण केल्यास ती एका महिन्यावर येते. लिंबूपाण्याने सगळे धुऊन निघते, असे सांगणारे मैदानावर पुष्कळ भेटतील. त्यांच्या नादी त्याला लागू देऊ नकोस. धावायचेच ठरवले आणि तपासणीचे बोलावणे आले, तर नमुना देऊ दे आणि तू स्वतः सोबत जा, कारण घाबरून तिथून पळाला तर त्याची शिक्षा चार वर्षांपर्यंत जाते.

तुझा,
अविनाश